पायाचा डॉक्टर की पोराचा डॉक्टर?

मागच्या अंकात सहज लिहून गेलो होतो की इंग्रजीत एकच अक्षरांचा तुकडा दहा शब्दांत दिसला म्हणून तो दहाही ठिकाणी एकाच अर्थाचा असतो असं समजू नका, आणि असे कुठले तुकडे तुम्हाला छळत असतील तर कळवा. झालं, पत्रांचा पाऊस. सगळी घेता येणार नाहीत, पण मिरजेच्या ताईंचं पत्र इतकं मस्त आहे की अर्धं सदर त्यांच्याच नावावर.

प्रश्न : मुलगा सातवीत आहे, सायकलवरून पडला म्हणून त्याला घेऊन हाडाच्या डॉक्टरांकडे गेले होते. आमच्या मिरजेत दवाखान्यांना काय तोटा! वाट बघत बसलो तर याचं लक्ष पाट्यांवर. एका दारावर पेडियाट्रिक, समोर ऑर्थोपेडिक, खाली रस्त्यापलीकडे पार्लर, त्यावर पेडिक्युअर. मला म्हणतो, आई, सगळीकडे पी-ई-डी आहे, सरांनी सांगितलंय पेड म्हणजे पाय, पेडल, पेडेस्ट्रियन, मग लहान मुलांच्या डॉक्टरांना पायाचा डॉक्टर का म्हणतात? मी म्हटलं लहान मुलं पायात पायात येतात म्हणून. तो काही पटवून घेईना. खरं काय ते सांगा, नाहीतर माझी पत गेली. (एक वाचक, मिरज)

उत्तर : ताई, तुमचं उत्तर खऱ्या उत्तरापेक्षा भारी आहे, पण पोरगं वकील होणार असं दिसतंय तेव्हा पुराव्यानिशी बोलूया.

पी-ई-डी ही तीन अक्षरं म्हणजे दोन वेगळ्या घरांतले दोन पाहुणे, एकाच रंगाचा शर्ट घालून आलेले. एक लॅटिनमधला, त्याचा अर्थ पाय. दुसरा ग्रीकमधला, मूळचा 'पाइस', त्याचं रूप 'पायडोस', अर्थ मूल. पेडिक्युअरमधला पाहुणा पहिला, पेडियाट्रिकमधला दुसरा. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये हा फरक अजून दिसतो, पेडियाट्रिक लिहिताना ते पी नंतर ए घालतात आणि मग ई, अमेरिकन लोकांनी साधारणपणे तो ए गाळला आणि घोळ झाला. आपल्याकडे पाट्या रंगवणारे दोन्ही लिहितात. मुलाला सांगा पाट्या परत वाच, जिथे मधे ए दिसेल तिथे पायाचा संबंध नाही, तिथे मूल आहे. उलटं मात्र चालत नाही हां, ए दिसला नाही म्हणजे पायच असं नाही, तो अमेरिकन स्पेलिंगमध्ये गळालेला असू शकतो.

आता खरी गंमत ऑर्थोपेडिकमध्ये. तुम्ही ज्यांच्याकडे गेला होतात ते हाडांचे डॉक्टर, त्यामुळे वाटतं की ऑर्थो म्हणजे हाड असेल नाहीतर पेडिक म्हणजे पाय असेल. दोन्ही नाही! ऑर्थो म्हणजे सरळ आणि पुढचा भाग म्हणजे मूल. निकोलस आंद्री नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं 1741 मध्ये, म्हणजे स्वतः ऐंशी ओलांडल्यावर, एक पुस्तक लिहिलं, मुलांच्या शरीरातली वाकडी हाडं, बाक, व्यंग कसं टाळायचं आणि कसं सरळ करायचं यावर, आणि त्यासाठी हा शब्द त्यानंच जुळवला. त्या पुस्तकात एक चित्र आहे, वाकडंतिकडं वाढलेलं कोवळं झाड, शेजारी सरळ खांब, आणि झाड दोरीनं त्या खांबाला बांधलेलं. आपण डाळिंबाच्या नाहीतर टोमॅटोच्या रोपाला काठी लावून सुतळीनं बांधतो ना, अगदी तसं. ते झाड अजून जगभर हाडवैद्यकाच्या संस्थांच्या चिन्हावर असतं. म्हणजे ताई, त्या दिवशी तुमच्या पोराला नेलं ते शब्दाच्या दृष्टीनं एकदम बरोबर ठिकाणी नेलं, पंचावन्नच्या काकांना गुडघ्यासाठी नेलं असतं तर शब्द चुकला असता, डॉक्टर नाही.

आणि हाडाचा शब्द हवाच असेल तर तो त्याच्या गणिताच्या पुस्तकात आहे. अल्जिब्रा. अरबी अल-जब्र, मोडलेलं परत जागेवर बसवणं. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मीनं समीकरणाच्या एका बाजूचं पद दुसऱ्या बाजूला नेऊन तोल बसवण्याला हा शब्द वापरला, आणि स्पेनमध्ये पुढे कितीतरी वर्षं अल्जेब्रिस्ता म्हणजे हाड बसवणारा. बीजगणित हा हाडवैद्याचा शब्द आणि ऑर्थोपेडिक हा बालवाडीचा, आता हे त्याच्या सरांना कोण सांगणार.

मूलवाल्या पाहुण्याची अजून दोन घरं सांगतो. पेडॅगॉजी, म्हणजे अध्यापनशास्त्र, ग्रीसमध्ये पेडॅगॉग म्हणजे मास्तर नव्हे, पोराला हाताला धरून शाळेत पोचवणारा घरचा गुलाम, आजचे रिक्षावाले काका म्हणा. आणि एन्सायक्लोपीडिया, ज्यातला पीडिया म्हणजे मुलांचं शिक्षण, आणि पुढचं सायक्लो म्हणजे चक्र, सगळं वर्तुळ पूर्ण करणारं शिक्षण. विकिपीडियाला तोच पीडिया चिकटवलाय, विकी हा हवाई बेटांवरचा शब्द, अर्थ झटपट.

आता पायवाला पाहुणा, आणि हा तर आपल्या घरचाच. लॅटिन पेड, संस्कृत पाद, मराठी पाय, इंग्रजी फुट, सगळे एका आईचे. इंग्रजीत प चा फ कसा झाला? तर जर्मन घराण्याच्या भाषांत सगळीकडेच झाला, पितृ तिकडे फादर, पूर्ण तिकडे फुल, पंच तिकडे फाइव्ह. याकोब ग्रिमनं हा नियम 1822 मध्ये नीट मांडला, तोच तो परीकथा गोळा करणारा ग्रिम. आपल्याकडे जुने लोक सायकलच्या पेडलला 'पायडल' म्हणतात आणि शिकलेली मंडळी हसतात, पण पायडल म्हणणाऱ्यानं नकळत शब्दाला त्याच्या घरी नेऊन सोडलंय. पेडेस्ट्रियन म्हणजे पादचारी, अक्षरशः. मोपेड म्हणजे स्वीडनमध्ये बनलेला शब्द, मोटर अधिक पेडल, आणि ज्यांनी पुण्यात जुनी लूना चालवलीय त्यांना ते पेडल का होतं हे वेगळं सांगायला नको, चढावर पायच कामाला यायचे.

मला सगळ्यात आवडतो तो इम्पीड. अडथळा आणणे. लॅटिनमध्ये याचा शब्दशः अर्थ पायात काहीतरी अडकवणे, आणि आपण मराठीत काय म्हणतो? खोडा घालणे! खोडा म्हणजे कैद्याच्या पायात घालायचं ते भोकांचं लाकूड. रोमन माणूस आणि आपला गावचा पाटील, दोघांना अडथळा म्हटल्यावर तीच वस्तू डोळ्यासमोर आली. आणि एक्स्पीडाइट, जो शब्द ऑफिसच्या मेलमध्ये रोज येतो, काम एक्स्पीडाइट करा, म्हणजे खोड्यातून पाय सोडवा.

बुद्धिबळातलं प्यादं फारसीतून आलं, पायी चालणारा. इंग्रजीत त्यालाच पॉन म्हणतात तो लॅटिनमधल्या पायी सैनिकावरून. आणि तोच पायी सैनिक पोर्तुगीजांबरोबर जहाजातून हिंदुस्थानात आला आणि ऑफिसच्या दाराबाहेर स्टुलावर बसला, प्यून. आपण त्याला मराठीत शिपाई म्हणतो, तोही फारसी सैनिकच. दोन्हीकडून सैनिक, आणि काम चहा आणायचं.

पेडिग्री सांगायचं राहिलं. वंशावळ. हल्ली हा शब्द लोकांना कुत्र्याच्या खाण्यामुळे माहितीय. जुन्या फ्रेंचमध्ये याचा अर्थ क्रौंच पक्ष्याचा पाय. कागदावर एका बापाचं नाव लिहा आणि त्याखाली तीन मुलांकडे तीन रेघा ओढा. दिसला का पक्ष्याचा पंजा?

आणि पोरगं अजून भांडत असेल तर त्याला टॉर्पेडो द्या. त्यातही पी-ई-डी आहे, पण पाय नाही आणि मूलही नाही. टॉर्पेडो हे विजेचा झटका देणाऱ्या एका माशाचं लॅटिन नाव, मूळ धातूचा अर्थ बधीर होणं. तिथे तुकडाच चुकीच्या जागी तोडलाय, 'टॉर्प' वर तोडायला हवा होता. नारळ फोडताना शेंडी बघून फोडतो ना, तसं आधी शब्द कुठे फुटतो ते बघायचं.

प्रश्न : मी नववीत आहे. पेनचा लहान भाऊ म्हणून पेन्सिल असं आम्हाला वर्गात सांगितलं. मग पेनिन्सुला, पेनिसिलिन, पेन्शन, यांचं पेनशी काय नातं? मैत्रीण म्हणते पेन्शनच्या फॉर्मवर पेननं सही करतात म्हणून. (एक विद्यार्थिनी, पिंपरी)

उत्तर : मैत्रिणीला माझा नमस्कार सांग, असलं डोकं पाहिजे.

पेन म्हणजे पीस. लॅटिन पेन्ना, पक्ष्याचं पीस, कारण बोरू-टाकासारखंच तिकडे हंसाचं पीस तासून लिहायचे. हा शब्द संस्कृतच्या पत् या धातूच्या नात्यातला, पत् म्हणजे उडणं, पडणं, त्यावरून पत्र, आणि संस्कृतात पत्र म्हणजे पंखही. इंग्रजी फेदर पण त्याच खानदानातला, वर मिरजेच्या ताईंना सांगितलेला प चा फ आठव. म्हणजे पेननं पत्र लिहिलंस तर पंखानं पंख लिहिलास. हल्ली कोण लिहितंय म्हणा.

पेन्सिल मात्र पेनची कोणीच नाही. पेन्सिल आली लॅटिनमधल्या छोट्या शेपटीवरून, म्हणजे चित्रकाराचा बारीक कुंचला. इंग्रजीत खूप काळ पेन्सिल म्हणजे ब्रशच होता. नंतर इंग्लंडमध्ये बॉरोडेलला सोळाव्या शतकात काळाकुट्ट मऊ दगड सापडला, त्यानं छान रेघ उमटायची, लोकांना वाटलं हे एक प्रकारचं शिसं. शिसं नव्हतंच, तो ग्रॅफाइट, पण आपण अजून शिसपेन्सिल म्हणतो आणि टोक तुटलं की शिस तुटली म्हणतो. शिसपेन्सिलीत शिसं नाही आणि पेन्सिलीत पेन नाही, फसवणूक दोन्हीकडून.

आणि पेनिसिलिन ही पेन्सिलीची खरी सख्खी बहीण. ती बुरशी मायक्रोस्कोपखाली बघितली की वर झुपक्यासारखे फाटे दिसतात, अगदी रंगाच्या ब्रशसारखे, म्हणून तिचं नाव पेनिसिलियम, आणि 1928 मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंगला लंडनमध्ये तिच्यातून जे सापडलं ते पेनिसिलिन. आणि तू राहतेस पिंपरीत! तुमच्याकडेच हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, 1954 साली स्थापन झालेला, सरकारी मालकीचा आपल्या देशातला पहिला अँटिबायोटिकचा कारखाना, आणि सुरुवात पेनिसिलिननंच. आजोबांना विचार, त्या काळचं कोणीतरी ओळखीचं तिथे कामाला असणारच.

पेनिन्सुला वेगळा. तिथे शब्द 'पेन' वर फुटतच नाही, मूळ 'पेने' म्हणजे जवळजवळ, आणि 'इन्सुला' म्हणजे बेट. जवळजवळ बेट. आता भूगोलाच्या पुस्तकात मराठी शब्द बघ, द्वीपकल्प. यातला कल्प म्हणजे कल्पना नाही, संस्कृतात शब्दाच्या शेवटी कल्प लागला की अर्थ होतो 'तितकं नाही, पण जवळपास तितकं', पाणिनीनं हा नियम सूत्रात सांगून ठेवलाय. ज्यानं कोणी पेनिन्सुलाला द्वीपकल्प म्हटलं त्याला दोन्ही भाषा आतून कळत होत्या, माझी टोपी त्याच्यापुढे खाली. परीक्षेत नुसती व्याख्या लिहिण्यापेक्षा हे लिही, मार्क मिळाले नाहीत तरी लिही.

पेन्शनचं मूळ तोलणं. पूर्वी पैसे मोजायचे नाहीत, तोलून द्यायचे. त्याच कुळात टांगणं, लोंबकळणं हा अर्थ, त्यावरून पेंड्युलम आणि पेंडिंग. म्हणजे पेन्शन आणि पेंडिंग एकाच घरातले, ज्यांच्या घरात कुणी निवृत्त झालंय त्यांना हे व्युत्पत्तीशिवायच माहिती असतं.

प्रश्न : माझी नात परदेशात शिकते, व्हिडिओ कॉलवर तिनं मला विचारलं की वुमनमध्ये मॅन, ह्यूमनमध्ये मॅन, मॅनेजरमध्ये मॅन, सगळीकडे पुरुषच का घुसलाय? मी रिटायर्ड माणूस, बडोद्यात राहतो, इंग्रजी आमच्या वेळचं. काही मुद्दे द्या, रविवारी परत कॉल आहे. (एक आजोबा, बडोदा)

उत्तर : आजोबा, रविवारच्या आत अंक पोचावा ही इच्छा.

पहिलं, मॅनेजरमधला एम-ए-एन पुरुष नाही, हात आहे. लॅटिन मानुस, हात. मॅन्युअल म्हणजे हातानं, मॅनिक्युअर हातांची निगा, मॅन्युस्क्रिप्ट म्हणजे सरळसरळ हस्तलिखित, मॅन्युफॅक्चर म्हणजे हातानं बनवलेलं, जे आता मशीन बनवतं. मॅनेज करणं हा शब्द इटालियन घोडेवाल्यांचा, घोडा हाताळणं, ताब्यात ठेवणं. ज्यांनी कधी मॅनेजरकीची खुर्ची बघितलीय त्यांना घोडा कोण ते कळेल. आणि नातीला हे जरूर सांगा, इमॅन्सिपेशन, स्त्रीमुक्तीच्या चर्चेत येणारा शब्द, त्यातही हाच हात आहे, दुसऱ्याच्या हातातून सोडवणं.

ह्यूमन तर लॅटिनच, इंग्रजी मॅनशी संबंध नाही, त्याचं नातं मातीच्या शब्दाशी जोडतात.

वुमनमध्ये मात्र मॅन आहेच, ते नाकारू नका, पकडले जाल. पण जुन्या इंग्रजीत मॅन म्हणजे माणूस, बाई असो की बाप्या, आपल्या मनु-मानवच्या नात्यातला शब्द. बाईला म्हणायचे वीफमन, बाईमाणूस, आपण अजून तसंच म्हणतो की. आणि पुरुषाला वेगळा शब्द होता, 'वेर'. तो मेला. का मेला? कारण पुरुषानं मॅन हा सगळ्यांचा शब्द स्वतःच्या नावावर करून घेतला, सातबारावर नाव चढवल्यासारखा, आणि स्वतःचा जुना शब्द गरज नाही म्हणून सोडून दिला. म्हणजे नातीचा राग चुकीचा नाही, फक्त घुसखोरी वेगळ्या दारानं झालीय. 'वेर' आता वेअरवुल्फमध्ये शिल्लक आहे, पौर्णिमेला लांडगा होणारा माणूस. वेर म्हणजे आपला वीर, वुल्फ म्हणजे आपला वृक, भीमाचं नाव वृकोदर, लांडग्याच्या पोटाचा, त्यातला.

फीमेलमध्ये पण मेल नाही बरं का, लॅटिन 'फेमेल्ला' होतं, शेजारी मेल उभा आहे म्हणून लोकांनी स्पेलिंग जुळवून घेतलं.

ओळखायची एक युक्ती आहे, अगदी शंभर टक्के नाही पण पुष्कळदा चालते, अनेकवचन करून बघा. सेल्समनचं सेल्समेन होतं, वुमनचं विमेन होतं, तिथे मॅन खरा. ह्यूमन, जर्मन, ओटोमन, टॅलिस्मन, यांना नुसता एस लागतो, तिथे मॅन हा तोतया. टॅलिस्मन म्हणजे ताईत, तो अरबी तिलिस्मचा भाऊ. अपवाद हवा तर नॉर्मन, त्यात उत्तरेकडचा मॅन खरोखर आहे तरी त्याला एस लागतो.

आणि मॅंडरिन! चिनी भाषेचं नाव, संत्र्याचंही नाव. त्यात ना हात ना पुरुष, त्यात आहे आपला मंत्री. संस्कृत मंत्री मलाय भाषेत 'मेंतेरी' झाला, पोर्तुगीजांनी तो उचलून चिनी दरबारच्या अधिकाऱ्यांना लावला, मग त्या अधिकाऱ्यांच्या भाषेला. फळांच्या दुकानात मॅंडरिन मागितलं की आपण मंत्री सोलून खातोय.

प्रश्न : टीपॉट, टी-शर्ट, टीटोटलर, टीपॉय. सगळ्यांत चहा आहे का? सासरे म्हणतात टीटोटलर म्हणजे फक्त चहा पिणारा. (एक सूनबाई, डोंबिवली)

उत्तर : सासऱ्यांशी वाद नको, पण आपल्यातच ठेवा. टीपॉटमध्ये चहा आहे. टी-शर्टमध्ये इंग्रजी टी अक्षराचा आकार आहे, पसरून ठेवला की दिसतो. टीटोटलर इंग्लंडमधल्या प्रेस्टनचा, 1830 च्या दशकात तिथे दारूबंदीची चळवळ जोरात होती, आणि टोटल, म्हणजे पूर्ण बंदी, हे ठासून सांगायला पुढे एक टी चं बोट लावलं, टी-टोटल. चहा नाही त्यात. तरी ते लोक सभांमध्ये चहाच वाटायचे, तेव्हा सासरे अगदीच चुकले असं नाही.

आणि टीपॉय, जो हॉलमध्ये सोफ्यासमोर असतो आणि ज्यावर आपण चहाचे कप ठेवतो, तो इंग्रजीही नाही. तो आपल्याकडून गेला. तिपाई, तीन पायांची. साहेबानं ऐकली, त्यावर चहाचा ट्रे ठेवला, आणि लिहिताना टी-ई-ए करून टाकलं. मग आपण ती साहेबाचा शब्द म्हणून परत आणली. चारपाईचं पण असंच चारपॉय झालंय, आणि पायजम्यातही तोच पाय.

आता चहा ठेवायच्या आधी वाकून जरा बघा, तुमच्या टीपॉयला पाय बहुतेक चार असतील.